बातमीचा धनी कोण?

पेरील त्याने कापावे, हा न्याय शेतकऱ्यास कोणी शिकवावा लागत नाही. परंतु पीक धान्याचे नसून शब्दांचे असले म्हणजे हाच सोपा न्याय बिकट होऊन बसतो. बातमी मिळवणारा एक, ती छापणारा दुसरा, ती कोठे सापडेल हे सांगणारा तिसरा, आणि तिच्या शेजारी जाहिरात लावून पैसा मिळवणारा बहुधा तोच तिसरा, असा प्रकार गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाजालावर रूढ झाला आहे. वृत्तपत्रांचे चालक म्हणतात, आमच्या श्रमावर दुसरेच गबर झाले. शोधयंत्रांचे चालक म्हणतात, आम्ही तुमच्या दाराशी फुकट गिऱ्हाईक आणून सोडतो. त्याचे आभार मानण्याचे सोडून पैसे कसले मागता? ह्या वादावर आपल्या देशातही आदेश निघाले, प्रस्ताव मांडले गेले. त्यांचा परामर्श घेऊन, मूळ प्रश्न नीट मांडला गेला आहे काय, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

हैदराबादकरांस हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. २०१८ साली देशातील मोठ्या वृत्तसमूहांनी 'डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशन' नावाचा संघ स्थापन केला. त्यात विशाखापट्टणास १९७४ साली जन्मलेले आणि पुढे हैदराबादेत रुजलेले 'ईनाडू' हे तेलुगू दैनिकही होते. दुसरीकडे गूगलने भारतात आपले बस्तान बसवले ते २००४ साली बंगळूर आणि हैदराबाद येथे. आणि गच्चीबावलीस त्या कंपनीच्या विस्तीर्ण संकुलाचे भूमिपूजन २०२२ च्या एप्रिलात झाले. तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, अशी दोघांचीही बिऱ्हाडे एकाच शहरात आहेत.

त्या संघाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे गूगलविरुद्ध गाऱ्हाणे नेले, आणि ७ जानेवारी २०२२ रोजी आयोगाने स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम २६ अन्वये महासंचालकांस चौकशीचा आदेश दिला. पुढे त्याच वर्षी इंडियन न्यूजपेपर सोसायटी आणि वृत्तवाहिन्यांचा संघ ह्यांच्या तक्रारीही त्यास जोडण्यात आल्या. आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे: शोधाच्या बाजारात गूगलचे वर्चस्व प्रथमदर्शनी दिसते, वृत्तपत्रांच्या लेखांतील त्रोटक उतारे शोधपृष्ठावर दाखवले जातात ते दोन्ही पक्षांच्या सौद्याच्या ताकदीतील तफावतीमुळे काय, आणि त्यामुळे वृत्तपत्रांकडे जाणारे वाचक व त्यांची मिळकत घटते काय, ह्याची तपासणी व्हावी, तसेच जाहिरातींच्या उत्पन्नाची वाटणी कशी होते हे वृत्तपत्रांस कळू दिले जात नाही, ह्या तक्रारीचीही शहानिशा व्हावी. हा निकाल नव्हे, चौकशीस पुरेसे कारण आहे एवढेच प्रथमदर्शनी मत आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. वृत्तपत्रांतील मथळ्यांवरून अनेकांचा समज मात्र खटला जिंकल्याचा झाला होता.

ह्या आदेशाचा गुण असा की त्यात 'चोरी' ह्या शब्दाच्या मागे आयोग लागला नाही. वृत्तपत्रसृष्टीतील पुष्कळ मंडळी तो शब्द सढळ हाताने वापरतात. कायद्याच्या कसोटीस तो टिकत नाही. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ हा रचनेला संरक्षण देतो, घटनेला देत नाही. मुसी नदीस पूर आला, ही गोष्ट कोणाच्या मालकीची नाही. तिचे वर्णन ज्या शब्दांत केले ते शब्द लेखकाचे. केवळ घाम गाळला म्हणून हक्क मिळतो असेही नाही. 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक' ह्या प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की न्यायालयांचे निकाल हे सर्वांचे आहेत; संपादकाने आपली बुद्धी व विवेक वापरून त्यांत जी भर घातली असेल तेवढ्यापुरताच त्याचा हक्क. जे निकालास लागू तेच बातमीच्या गाभ्यासही लागू.

अमेरिकेत ह्याहून वेगळा विचार एकदा झाला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात एका वृत्तसंस्थेस मित्रराष्ट्रांनी आपल्या तारा वापरण्याची बंदी केली, तेव्हा तिने प्रतिस्पर्धी 'असोसिएटेड प्रेस'च्या छापील बातम्या उचलून आपल्या म्हणून पाठवण्यास आरंभ केला. १९१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की वाचकांच्या दृष्टीने बातमी कोणाची नसली तरी दोन स्पर्धकांमध्ये ताज्या बातमीस मिळकतीसारखे मानावे. न्यायमूर्ती ब्रँडाइस ह्यांनी त्यास विरोध नोंदवला, आणि पुढील शंभर वर्षांत त्यांचेच म्हणणे अधिक दृढ ठरले. आपल्याकडे क्रिकेटच्या धावसंख्येवरून हाच प्रश्न उद्भवला, तेव्हा २०१३ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, एकदा जगजाहीर झालेल्या माहितीवर मालकी सांगता येत नाही, हाच पक्ष घेतला. आमच्या मते तो योग्यच होता. बातमीस धनी मिळाला तर उद्या एका वृत्तपत्राने छापलेला भ्रष्टाचार दुसऱ्यास उच्चारता येणार नाही, आणि लोकशाहीच्या दृष्टीने ती मोठी आपत्ती होईल.

मग वृत्तपत्रांचे गाऱ्हाणे पोकळ आहे काय? तसेही नाही. त्यांची खरी इजा कोठे आहे हे पाहण्यासाठी १९५७ च्याच अधिनियमाचे कलम ५२ बारकाईने वाचले पाहिजे. त्यातील एका पोटकलमान्वये चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक वा धार्मिक विषयांवरील लेख एका नियतकालिकातून दुसऱ्याने घेतला तर तो भंग ठरत नाही. मात्र लेखकाने तो हक्क आपणांकडे स्पष्टपणे राखून ठेवलेला नसावा. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले दुसरे पोटकलम दुवे देण्यासाठी केलेल्या क्षणिक वा आनुषंगिक साठवणीस मोकळीक देते. मात्र हक्कदाराने तशी स्पष्ट मनाई केलेली नसावी. दोन्ही पोटकलमांची घडण एकच आहे. आधी औदार्य, आणि त्याच वाक्यात नकाराचा हक्क. आमच्या कायद्याने बातमीस कुंपण घातले नाही, पण ज्याचे घर त्याला दार लावण्याची मुभा ठेवली. ह्या समतोलाकडे दोन्ही पक्षांच्या वकिलांचे लक्ष जावे तितके गेले नाही असे आम्हांस वाटते.

हा समतोल जुन्या काळी चालला, कारण देणेघेणे परस्परांचे होते. पुण्याच्या पत्राने हैदराबादच्या पत्रातील मजकूर घ्यावा, हैदराबादने पुण्याचा घ्यावा, आणि दोघांनी एकमेकांचा नामोल्लेख करावा, अशी ती रीत होती. आज ज्याने उसने घेतले तोच उद्या उसने देई. शोधयंत्र मात्र वार्ताहर धाडीत नाही, न्यायालयात बसत नाही, नगरपालिकेच्या सभेस जात नाही. ते देते ती वाट. ती वाट मोलाची आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल; कित्येक लहान पत्रांचे नाव दूरदेशीच्या मराठी वाचकास तिच्यामुळेच कळले. पंढरीस गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत पोचू न शकणारा वारकरी कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परततो. शोधपृष्ठावरील मथळा आणि दोन ओळींचा उतारा हे तसे कळसदर्शन होते. पाहणाऱ्यांतले काही परतत, पण पुष्कळ जण कळस पाहूनच देवळाकडे वळत.

२०२४ साली ह्या स्थितीत मोठा पालट झाला. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेत आणि ऑगस्टात भारतात गूगलने शोधपृष्ठाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले सारांशरूप उत्तर दाखवण्यास आरंभ केला. आता यंत्र अनेक पत्रांतील मजकूर वाचून स्वतःच्या वाक्यांत त्याचा गोषवारा सांगते. बाजूस दुवे असतात, परंतु शंका फिटलेल्या माणसाने दुव्याकडे कशासाठी जावे? देवळाची वाट दाखवणाऱ्यानेच चव्हाट्यावर कीर्तन मांडावे, तशातला हा प्रकार आहे. आख्यान हरिदासाचे, आणि आरतीचे तबक फिरते ते वाटाड्याचे.

येथे कोणी म्हणेल, वृत्तपत्रांनी नकार द्यावा. कायद्याने तो हक्क दिलाच आहे. आमच्या मते संपूर्ण वादाची गोम येथेच आहे. यंत्रास 'आत येऊ नकोस' असे सांगण्याची एक सर्वमान्य खूण महाजालावर १९९४ पासून आहे. २०२३ च्या सप्टेंबरात गूगलने, आमचा मजकूर बुद्धियंत्रांच्या शिकवणीस वापरू नका, असे सांगण्याची वेगळी खूणही उपलब्ध केली. परंतु शोधपृष्ठावरील सारांश त्या खुणेच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला. तो शोधाचाच भाग मानला गेला. त्यामुळे सारांश नको असेल तर साधा उताराही सोडावा लागे, आणि यंत्रास पुरती बंदी करावी तर शोधातूनच नाहीसे व्हावे लागे. दोन दारांना एकच कुलूप! गिऱ्हाइकांचा मोठा भाग ज्या रस्त्याने येतो तो रस्ता बंद करून घेण्याचा 'हक्क' हा नकाराचा हक्क नव्हे. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला करारशास्त्रात किती किंमत असते, हे वकिली करणाऱ्या कोणासही ठाऊक आहे.

परदेशांतील अनुभव ह्याच निष्कर्षाकडे नेतात. जर्मनीने २०१३ साली वृत्तप्रकाशकांस उताऱ्यांवर वेगळा हक्क दिला. 'ॲक्सेल श्प्रिंगर' ह्या बलाढ्य समूहाने २०१४ मध्ये तो बजावून उतारे नाकारले; शोधातून येणारी वर्दळ सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्यावर दोन आठवड्यांतच तो माघारी आला. कागदावर नकार होता, व्यवहारात नव्हता. स्पेनने २०१४ साली उलट टोक गाठले. तेथील कायद्याने मोबदला इतका सक्तीचा केला की फुकट देऊ इच्छिणाऱ्या पत्रासही तो सोडून देता येईना. गूगलने त्या देशातील आपली वार्तासेवा डिसेंबर २०१४ मध्ये बंद केली आणि कायदा बदलल्यावर जून २०२२ मध्ये पुन्हा सुरू केली. कॅनडाने २०२३ साली मोबदल्याचा कायदा केला, तेव्हा फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने त्या देशात बातम्या दाखवणेच थांबवले. गूगलने वर्षास दहा कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले.

फ्रान्सची गोष्ट निराळी आहे आणि ती आपल्या आयोगाने लक्षपूर्वक अभ्यासावी अशी आहे. तेथील स्पर्धा प्राधिकरणाने गूगलला वृत्तप्रकाशकांशी सद्भावाने वाटाघाटी करण्यास भाग पाडले, त्यात कसूर झाली म्हणून २०२१ मध्ये पन्नास कोटी युरोंचा दंड केला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये पुन्हा पंचवीस कोटींचा. दुसऱ्या दंडाच्या कारणांत एक असे होते की बुद्धियंत्राच्या कामी वृत्तपत्रांचा मजकूर त्यांस न कळवता वापरला गेला, आणि इतर सेवांतील आपले स्थान न गमावता त्यास नकार देण्याची सोय बराच काळ ठेवली नव्हती. प्रश्न कुलपांचा आहे हे तेथे ओळखले गेले.

ह्या प्रकाशात आपल्याकडील आदेशाची उणीव दिसते. २०२२ च्या आदेशाचे सारे लक्ष वर्दळ आणि मिळकत ह्यांकडे आहे. वृत्तपत्राचे नुकसान किती, ह्याचा हिशेब त्यात मागितला आहे. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य किती उरले, हा प्रश्न ओझरताच येतो. नुकसान पैशाने भरून निघते, आणि देणाऱ्याचे हात मोठे असले म्हणजे ते भरून देणे त्यास सोयीचेच पडते. गूगलने २०२१ साली भारतातील तीस प्रकाशकांबरोबर करार करून आपली निवडक बातम्यांची सेवा येथे आणली. असे करार म्हणजे दरबारी वर्षासन. ते कोणास द्यावे, किती द्यावे आणि केव्हा थांबवावे, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. वर्षासन खाणाऱ्याने धन्यावर टीका करावी, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल.

पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात त्याच दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळवण्यात आला. मर्जीच्या जागी नियम आला, आणि त्यातून मराठी गद्यास हात मिळाला. मोबदला द्यायचाच झाला तर त्याचे स्वरूप असे हवे: जाहीर नियम, जाहीर हिशेब, आणि लहान पत्रासही दाद मागण्याची सोय.

२०२५ च्या डिसेंबरात केंद्रीय उद्योग संवर्धन विभागाने बुद्धियंत्रे आणि स्वामित्वहक्क ह्यांविषयी जी कार्यपत्रिका प्रसिद्ध केली, तिच्यात नियम आणि हिशेब ह्यांचा विचार निश्चित आहे. कायदेशीरपणे हाती आलेला मजकूर यंत्रांच्या शिकवणीस वापरण्याचा सरसकट परवाना असावा, आणि त्याबद्दलचे मानधन एका सामाईक संस्थेमार्फत हक्कदारांस मिळावे, अशी तिची सूचना आहे. ती शिकवणीपुरती आहे, शोधपृष्ठापुरती नव्हे, आणि अद्याप कायदाही नव्हे. पण तिचा कल आम्हांस चिंताजनक वाटतो. परवाना सक्तीचा असल्यामुळे हक्कदारास 'नको' म्हणता येणार नाही. १९५७ आणि २०१२ च्या विधिकारांनी औदार्याशेजारी जो नकार जपून ठेवला, तो ह्या सूचनेत पैशाच्या बदल्यात विकत घेतला जातो. वृत्तसंस्था 'एएनआय'ने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात २०२४ च्या नोव्हेंबरात जो दावा लावला, त्याच्या मुळाशी तरी दुसरे काय आहे? आमच्या संमतीवाचून घेतले, हेच गाऱ्हाणे आहे.

न्याय मागणाऱ्याने आधी स्वतः न्याय करावा, हेही जुनेच तत्त्व आहे, आणि वृत्तपत्रांच्या मालकांस ते ऐकवणे अप्रिय असले तरी अवश्य आहे. पत्रकारांच्या वेतनासाठी नेमलेल्या मजिठिया मंडळाच्या शिफारशी २०११ साली लागू झाल्या, तेव्हा त्यांना आव्हान देण्यास वृत्तपत्रांचेच चालक सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१४ साली ते हरले. तरीही अंमलबजावणीसाठी पत्रकारांस अवमानाचे अर्ज करावे लागले आणि २०१७ साली न्यायालयास पुन्हा बजावावे लागले. आज 'श्रमाचे मोल द्या' असे जगातील अतिश्रीमंत कंपन्यांपैकी एकीस सांगणाऱ्यांनी तेच मोल आपल्या तालुक्याच्या वार्ताहरास दिले आहे काय? लहान पत्राची बातमी नामोल्लेखावाचून उचलण्याची सवय मोठ्या पत्रांनी सोडली आहे काय? शोधपृष्ठावर वर येण्यासाठी रचलेले आचरट मथळे वाचून तर वाटते, ज्या यंत्राविरुद्ध हे भांडतात त्याचीच सेवा हे अहोरात्र करीत आहेत. मोबदल्याचा जो काही नियम होईल त्यात बातमीदाराचा वाटा कायद्यानेच नमूद केला पाहिजे. मालकांच्या सदिच्छेवर तो सोडता कामा नये.

ह्या मासिकाच्या दोन्ही भाषांच्या वाचकांचा ह्या प्रश्नाशी विशेष संबंध आहे. हैदराबाद संस्थानात मराठीस राजाश्रय नसताना 'निजाम विजय' साप्ताहिक १९२० पासून मराठी माणसाची दाद मांडीत होते. देवनागरी कोंकणीतील 'सुनापरान्त' दैनिक १९८७ साली निघाले आणि २०१५ साली बंद पडले. अशी पत्रे शोधयंत्राने बुडवली असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या अडचणी जुन्या व अनेक आहेत. परंतु ज्यांचा वाचकवर्ग काही हजारांचा, त्यांचे शंभर वाचक चव्हाट्यावरच तृप्त होऊन परतले तर तो घाव मोठ्या पत्राच्या लाखाइतका खोल असतो; आणि मोठ्यांच्या सौद्यात त्यांना कोणी पाटही मांडीत नाही.

शिवाय बातमीबरोबर एक ओझे असते, ते सारांशात उतरत नाही. १८६७ च्या कायद्यान्वये प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक व संपादक ह्यांची नावे छापण्याची रीत पडली. मार्च २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला तरी जबाबदार माणूस कोण हे सांगण्याचे बंधन सुटलेले नाही. एखाद्या देवस्थानाच्या इनाम जमिनीवर अतिक्रमण झाल्याची बातमी लहानशा पत्राने दिली, तर ती खोटी निघाल्यास कोणास न्यायालयात खेचावे हे ठाऊक असते, आणि खरी निघाल्यास कोणाचा राग सोसावा लागेल हे त्या संपादकासही ठाऊक असते. ह्याच शहरात 'इमरोज' ह्या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान ह्यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, तो त्यांनी आपल्या नावाने लिहिले म्हणून. यंत्राने रचलेल्या गोषवाऱ्याखाली असे कोणाचे नाव नसते. तो मजकूर घेतो. जोखीम मूळ ठिकाणीच राहू देतो.

तेव्हा बातमीचा धनी कोण, ह्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे, की बातमीस धनी नाही आणि नसावा. पण बातमीच्या घरास धनी आहे, आणि दार उघडे ठेवावे की लावावे हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे. दुवे मोकळे राहावेत, घटना मोकळ्या राहाव्यात. परंतु शोधात असणे आणि सारांशात वापरले जाणे ह्या दोन गोष्टींना दोन निरनिराळी कुलपे असावीत, आणि एक लावल्याबद्दल दुसऱ्या दाराशी शिक्षा होऊ नये, एवढे आयोगाने वा विधिमंडळाने स्पष्ट सांगावे. मोबदल्याची भाषा त्यानंतर शोभेल. कारण नकार देण्यास जो मोकळा आहे त्याच्याच मालाचा भाव ठरतो. तोवर वाचकांच्या हाती एक उपाय आहे. तो लहान आहे, पण कोणाच्या आदेशाची वाट पाहत नाही. ज्या पत्राने बातमी आणली त्या पत्राच्या दारापर्यंत जाऊन ती वाचावी, आणि परवडेल तेथे त्याची वर्गणी भरावी.